रांगेत उभे असताना पडणारे प्रश्न

॥ श्री गणेशाय नमः ॥

दर्शनाची रांग संथ गतीने पुढे सरकत असते. हातात नारळ व जास्वंदीचे फूल असते, मुखी नाम असते आणि मन मात्र क्षणात घंटेकडे, क्षणात आरतीच्या कापराकडे, क्षणात आकाशातील चंद्राकडे धाव घेते. 'श्रींची सोंड उजवीकडे का?', 'आज चंद्र इतक्या उशिरा का?', 'कापराची राख का उरत नाही?' असे प्रश्न उद्भवतात. शेजारच्या भाविकास विचारावे तर संकोच वाटतो आणि घरी परतेपर्यंत विसर पडतो. सोबत आलेले लहान मूल मात्र विसरत नाही. ते विचारतेच, आणि आपल्यापाशी उत्तर नसल्याने आपण त्यास गप्प बसवितो.

वास्तविक, प्रश्न विचारणे ही आपल्या परंपरेतील मानाची गोष्ट आहे. उपनिषदांतील शिष्य गुरूंना प्रश्न विचारतात, आणि अर्जुनाने शंका विचारल्या म्हणूनच भगवद्गीता सांगितली गेली. या भावनेने गिरगाव, परळ, लालबाग, दादर व प्रभादेवी या परिसरात देवदर्शनास येणाऱ्या भाविकांच्या मनात सहज येणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे परंपरा सांगायची तेथे परंपरा आणि जेथे शास्त्र सांगायचे तेथे शास्त्र, असा विवेक ठेवला आहे.

प्रश्न १ : या स्थानांची नावे कशी पडली?

आज एकसंध दिसणारी मुंबई मुळात सात बेटांची होती : कुलाबा, लहान कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधल्या खाड्या व दलदली भरून ही बेटे जोडली गेली. शहराचे नाव मुंबादेवीवरून आले. या देवीचे मूळ देऊळ बोरीबंदरच्या परिसरात होते व ते पुढे सध्याच्या जागी आले. गिरगाव म्हणजे गिरीच्या, अर्थात मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव. 'दादर' या मराठी शब्दाचा अर्थ जिना असा होतो, आणि त्यावरूनच त्या स्थानाचे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. प्रभादेवी हे नाव तेथील प्रभावती देवीच्या मंदिरावरून रूढ झाले. पूर्वी एल्फिन्स्टन रोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे स्थानकासही २०१८ पासून 'प्रभादेवी' हेच नाव मिळाले आहे.

परळच्या प्राचीनतेची साक्ष तर पाषाणच देतो. १९३१ साली येथे रस्त्याचे काम चालू असताना एक भव्य शिवशिल्प सापडले. एकाच शिळेवर शिवाच्या सात आकृती कोरलेल्या हे शिल्प इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानले जाते. ते परळच्या बारादेवी मंदिरात आजही आहे. गिरण्यांच्या भोंग्यांच्या कित्येक शतके आधी या भूमीवर देवाची घंटा वाजत असावी, असे त्यावरून वाटते.

प्रश्न २ : उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे काय?

पुष्कळ भाविकांचा येथे गोंधळ होतो. उजवी-डावी बाजू ही मूर्तीची धरावयाची असते, पाहणाऱ्याची नव्हे. मूर्ती आपल्याकडे तोंड करून असल्यामुळे देवाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. प्रभादेवी येथील श्री सिद्धिविनायकाची सोंड अशी देवाच्या उजवीकडे वळलेली आहे. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक येथील सिद्धिविनायकही उजव्या सोंडेचाच आहे.

परंपरेनुसार उजवी बाजू सूर्यनाडीची, तेजाची मानली जाते. म्हणून अशा मूर्तीच्या पूजेत सोवळे व नियम काटेकोरपणे पाळतात, आणि लोकभाषेत त्यास 'कडक' दैवत म्हणतात. घरगुती पूजेसाठी डाव्या सोंडेची मूर्ती घेण्याची प्रथा पडली ती नित्य नियम सांभाळणे गृहस्थास सोयीचे व्हावे म्हणून. यात भय बाळगण्याचे कारण नाही. नियम पुजाऱ्यासाठी असतात. दर्शनास येणाऱ्यासाठी भक्तिभाव पुरेसा असतो.

प्रश्न ३ : घंटेचा नाद इतका वेळ का घुमतो?

देवांचे स्वागत व्हावे आणि मनातील इतर विचार दूर व्हावेत, यासाठी घंटानाद करावा असे पूजाविधीत सांगितले आहे. हा नाद दीर्घकाळ टिकतो तो धातूमुळे. घंटेचे कांसे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू असून त्यात सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील असते. हे मिश्रण कठीण व लवचीक असल्याने आघाताची ऊर्जा चटकन विरून जात नाही. कान देऊन ऐकल्यास नाद कमी-अधिक होत लाटेप्रमाणे येतो असे जाणवेल. ओतीव घंटा सर्व बाजूंनी अगदी एकसारखी नसते. त्यामुळे तीतून अगदी जवळजवळचे दोन स्वर निघतात व ते परस्परांत मिसळून ही लाट निर्माण करतात.

प्रश्न ४ : नारळाला तीन डोळे का असतात?

नारळाचे फळ ज्या फुलापासून होते, त्यातील स्त्रीकेसराचे तीन भाग एकत्र जुळलेले असतात. त्या तीन भागांच्या खुणा म्हणजे करवंटीवरील तीन डोळे. भक्तांनी त्यात त्रिनेत्र पाहिला, ही श्रद्धेची दृष्टी झाली. तिन्ही डोळ्यांपैकी एकच मऊ असतो, आणि त्याच्याच आत अंकुर दडलेला असतो. कठीण करवंटीत बाहेर येण्यासाठी कोंभास निसर्गाने राखून ठेवलेली ही वाट होय. आतील पाणी व खोबरे हे त्या अंकुराचे अन्न आहे. आपण देवास नारळ अर्पण करतो, तेव्हा एका होऊ घातलेल्या झाडाची सारी शिदोरीच अर्पण करीत असतो.

प्रश्न ५ : कापराची राख का उरत नाही?

लाकडात झाडाने जमिनीतून शोषलेले चुना, पालाश इत्यादी खनिज पदार्थ असतात. लाकूड जळाले तरी हे पदार्थ जळत नाहीत, तेच राखेच्या रूपाने मागे राहतात. कापूर हा केवळ कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा बनलेला आहे. शिवाय तो वितळण्याची वाट न पाहता घनावस्थेतूनच थेट वायुरूप होतो, आणि ज्योत त्या वायूची असते. त्यामुळे थोडी काजळी धरते, परंतु शुद्ध कापराची राख उरत नाही. आरतीनंतर तबकात पांढरट अवशेष वारंवार राहू लागल्यास कापरात भेसळ आहे असे समजावे. डब्याचे झाकण उघडे राहिल्यास कापूर आपोआप कमी का होतो, याचेही उत्तर यातच आहे.

प्रश्न ६ : संकष्टीला चंद्रोदयाची वेळ दर महिन्याला का बदलते?

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. त्यानंतर तो दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, कारण तो पृथ्वीभोवती फिरत दिवसाला बारा-तेरा अंश पूर्वेकडे सरकतो. म्हणून वद्य चतुर्थीस चंद्रोदय रात्री होतो. परंतु पन्नास मिनिटे ही केवळ सरासरी आहे. चंद्राचा मार्ग क्षितिजाशी जो कोन करतो तो ऋतुमानानुसार बदलतो, व त्याप्रमाणे हा रोजचा विलंब कमी-अधिक होतो. मुंबईत भाद्रपद-आश्विनातील संकष्टीस चंद्र साडेआठच्या आसपास दिसतो, तर चैत्र-वैशाखात दहाही वाजून जातात.

गावागणिकही वेळ बदलते. नागपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे सव्वासहा अंशांवर असल्याने तेथे चंद्र वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो. नागपूरच्या नातेवाइकांचे पारणे झाले तरी मुंबईकर मात्र अद्याप पूर्वेकडे दृष्टी लावून बसलेले असतात, ते यामुळेच. म्हणून पंचांगात आपल्या गावाची वेळ पाहावी.

येथे एक नम्र सूचना करावीशी वाटते. पावसाळ्यात चंद्र ढगाआड असल्यास पंचांगातील वेळेनुसार अर्घ्य देऊन उपवास सोडण्याची रीत आहे. मधुमेह वा अन्य व्याधी असलेल्या वृद्धांनी चंद्रदर्शनाच्या हट्टापायी औषधे व आहार लांबवू नयेत. घरातील तरुणांनीही त्यांना तसे प्रेमाने सांगावे. व्रत शरीराच्या साहाय्यानेच घडते, हे ध्यानी ठेवावे.

प्रश्न ७ : अंगारकी केव्हा येते?

भूमिपुत्र अंगारकाने, म्हणजेच मंगळाने, तप करून श्रीगणेशास प्रसन्न केले. त्याच्या नावाने मंगळवारची चतुर्थी अंगारकी झाली, अशी पुराणकथा आहे. त्या दिवशीच्या व्रताने एकवीस संकष्टींचे पुण्य लाभते अशी श्रद्धा असल्याने मंदिरात मोठी गर्दी लोटते.

दोन संकष्टींमध्ये सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे अंतर असते. वार सात आहेत, म्हणून सरासरी सात चांद्रमासांत एकदा संकष्टी मंगळवारी यावी. प्रत्यक्षात हे अंतर सारखे नसते. १० जानेवारी २०२३ च्या अंगारकीनंतर पुढील अंगारकी थेट २५ जून २०२४ रोजी, म्हणजे सतरा महिन्यांहून अधिक काळाने आली. उलट १२ ऑगस्ट २०२५ नंतर ती ६ जानेवारी २०२६ रोजी, पाच महिन्यांच्या आतच आली. गर्दीमुळे या दिवशी येणे न जमल्यास मनास रुखरुख लावून घेऊ नये. प्रत्येक चतुर्थी श्रींचीच आहे.

प्रश्न ८ : संकष्टीला चंद्र पाहायचा, मग गणेश चतुर्थीला का पाहायचा नाही?

श्रीगणेशाचे रूप पाहून चंद्र हसला, तेव्हा त्यास शाप मिळाला. पुढे चंद्राने क्षमा मागितल्यावर तो शाप भाद्रपद शुद्ध चतुर्थीपुरता उरला, अशी कथा आहे. त्या रात्री चंद्र पाहणाऱ्यावर चोरीचा खोटा आळ येतो. स्यमंतक मण्याच्या प्रकरणात असा आळ प्रत्यक्ष श्रीकृष्णासही चुकला नाही. दुसऱ्याच्या रूपास हसणे आणि शहानिशा न करता दुसऱ्यावर आळ घेणे, या दोन्ही दोषांची आठवण ही कथा वर्षातून एकदा करून देते. चुकून चंद्र दिसल्यास घाबरू नये. स्यमंतक मण्याची कथा वाचावी वा ऐकावी, असा उपायही परंपरेनेच सांगून ठेवला आहे.

प्रश्न ९ : गणेशोत्सवाची तारीख दरवर्षी का बदलते?

बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे असते. ते सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे. म्हणून सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतात. असेच चालू राहिले असते तर गणपती कालांतराने उन्हाळ्यात आले असते. ते टाळण्यासाठी साधारणपणे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास धरतात. ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलत नाही, तो अधिक मास होय. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२४ साली ती ७ सप्टेंबरला, तर २०२५ साली २७ ऑगस्टला आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पंचांगात ती १४ सप्टेंबर रोजी दिली आहे.

प्रश्न १० : विसर्जनाचा आणि भरती-ओहोटीचा काय संबंध?

सागराची भरती चंद्राच्या मागे चालते. एका भरतीनंतर दुसरी सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. कोकण किनाऱ्यावर तिची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीस चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास, पंचमीस पावणेचारच्या, तर चतुर्दशीस साडेदहाच्या सुमारास. सकाळ व रात्र अशा दोन्ही वेळा हा हिशेब लागू पडतो, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास सूर्य-चंद्रांचे आकर्षण एका रेषेत आल्याने उधाणाची भरती येते. अनंत चतुर्दशी पौर्णिमेला लागूनच असते, म्हणून त्या वेळी समुद्र नेहमीच उधाणाच्या जवळ असतो.

याचा प्रत्यय ७ सप्टेंबर २०२५ रोजी आला. लालबागच्या राजाची मिरवणूक आदल्या दिवशी निघून त्या सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. तोवर भरतीचे पाणी चढू लागले होते व मूर्ती तराफ्यावर घेता आली नाही. पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागली आणि विसर्जन रात्री नऊच्या सुमारास पार पडले. त्या दिवशी पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, आणि प्रत्यक्ष पूर्ण भरती पावणेबाराच्या सुमारास होती. लेखणी-कागदाविना केलेला कोळी बांधवांचा हिशेब अवघ्या अर्ध्या तासाने चुकला. म्हणून कुटुंबासह चौपाटीवर जाताना तिथी पाहावी, मुलांचा हात सोडू नये आणि जीवरक्षकांचे सांगणे ऐकावे.

प्रश्न ११ : काही मूर्ती विरघळतात, काही का विरघळत नाहीत?

शाडूच्या मूर्तीत मातीचे सूक्ष्म कण केवळ वाळल्यामुळे परस्परांस धरून राहिलेले असतात. पाणी आत शिरताच ते पुन्हा सुटे होतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. ते पाण्यात कालवले की जिप्समचे स्फटिक तयार होऊन एकमेकांत घट्ट गुंततात. एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. म्हणजे दहा किलो वजनाच्या मूर्तीस चार हजार लिटरांहून अधिक पाणी लागेल, आणि तरीही ती पृष्ठभागाकडून हळूहळूच झिजेल. ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा केली, तिचे अवयव दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर विखुरलेले पाहून कोणाही भाविकाचे मन व्यथित होते.

भक्तीचे मोजमाप उंचीने होत नाही, याचा दाखला गिरगावातच आहे. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९३ साली जेथे झाला, त्या केशवजी नाईक चाळीत आजही लहान मूर्तीचीच परंपरा जपली जाते.

प्रश्न १२ : आपण दिलेले दान पुढे कोठे जाते?

हा प्रश्न विचारण्यास भाविक सर्वाधिक संकोचतात, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा अधिकार आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांवर १९५० च्या कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. न्यासास हिशेब ठेवून त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. प्रभादेवीच्या श्री सिद्धिविनायक मंदिरासाठी १९८० साली स्वतंत्र कायदा झाला, व त्यानुसार शासननियुक्त समिती कारभार पाहते.

दात्याने चार गोष्टी पाळाव्यात. देणगी दानपेटीत किंवा अधिकृत कार्यालयातच द्यावी. पावती घ्यावी व ती तेथेच वाचून पाहावी. रांगेत वा रस्त्यात 'लवकर दर्शन घडवितो' असे म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत. आयकरात सवलत हवी असल्यास त्या न्यासास तशी मान्यता आहे का ते विचारावे, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी त्यासाठी ग्राह्य धरली जात नाही हे लक्षात असू द्यावे. अशी चौकशी केल्याने दानाचे पुण्य कमी होत नाही. उलट, देवाच्या द्रव्याची राखण होते.

प्रश्न १३ : हे मंदिर कोणी बांधले?

शेवटचा प्रश्न सर्वांत साधा आहे. प्रभादेवीचे भव्य मंदिर पाहून एखाद्या राजाने वा सरदाराने ते उभारले असावे असे वाटते. तसे नाही. १९ नोव्हेंबर १८०१, गुरुवार, या दिवशी येथे श्रींची प्रतिष्ठापना झाली. मंदिराचे बांधकाम लक्ष्मण विठू पाटील यांनी केले आणि त्यासाठी द्रव्य दिले ते माटुंग्याच्या देउबाई पाटील या आगरी समाजातील स्त्रीने. देवालय तेव्हा लहानसे होते. काळ्या पाषाणातील अडीच फूट उंचीची मूर्ती मात्र आजही तीच आहे. भोवतालच्या मंदिराची पुनर्रचना गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाली.

देउबाई निपुत्रिक होत्या. आपल्याला लाभले नाही ते सुख इतर स्त्रियांना तरी श्रींच्या कृपेने लाभावे, या इच्छेने त्यांनी मंदिर बांधविले असे परंपरा सांगते. दोन शतकांहून अधिक काळ लोटला. या काळात किती जणी येथे ओटी पसरून उभ्या राहिल्या असतील आणि किती जणी बाळास कुशीत घेऊन नवस फेडण्यास आल्या असतील, याची गणना नाही. त्यांपैकी फार थोड्यांना देउबाईंचे नाव ठाऊक असेल.

रांग पुढे सरकते, गाभाऱ्यातील दीप दिसू लागतो. प्रत्येक जण आपापले मागणे मनात घेऊन उभा असतो. आपले मागणे सांगून झाल्यावर क्षणभर देउबाईंचे स्मरण करावे, आणि मागे उभ्या असलेल्या अनोळखी भाविकाचेही मागणे पुरे व्हावे अशी प्रार्थना करावी. या मंदिराची पायाभरणी अशाच एका प्रार्थनेवर झाली आहे.

घरी मुलांसह करून पाहावे :

(१) आज कोणती तिथी आहे ते पंचांगात पाहून भरतीची वेळ काढावी, व वृत्तपत्रातील वेळेशी ताडून पाहावी.
(२) पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत दररोज चंद्रोदयाची वेळ लिहून ठेवावी. रोज किती मिनिटांचा फरक पडतो ते मोजावे.
(३) पुढील अंगारकी केव्हा आहे ते दिनदर्शिकेत शोधावे व मागील अंगारकीपासूनचे दिवस मोजून त्यास सातने भागावे. बाकी शून्य का उरते, ते मुलांनाच सांगू द्यावे.

॥ शुभं भवतु ॥